न लागलेला दिवा

रेझिस लांतेनच्या नावाने लाल दिवा लावायचं काम अकरा वर्षं लेओनिद अर्सेनोकडे होतं, आणि अकरा वर्षांत एकदाही त्याने तो मनापासून लावला नाही.

काम तसं सोपं होतं. सेंत-ओदीलच्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये दक्षिणेकडच्या गोलामागे, काचेच्या पलीकडे, कपाटाएवढी एक जागा होती. तीत एक उंच स्टूल आणि लाकडी खोक्यावर बसवलेलं बटण. काळी रबरी चकती गोलाची रेघ पूर्ण ओलांडून आत गेली की अंगठा दाबायचा. वर लाल दिवा पेटायचा आणि अडीच हजार माणसं एका घशाने ओरडायची. चकती अर्धी गेली तर दिवा नाही, रेघेवर थबकली तरी नाही. एवढंच काय ते गोलपंचाचं काम. अडचण अशी होती की पाणकावळ्यांचे निम्मे गोल रेझिस करायचा. पाणकावळे म्हणजे गावाची टीम. काळी जर्सी, तीवर पिवळी चोच. पगारी खेळाडू, बहुतेक सगळे बाहेरून आणलेले. गावचा म्हणावा असा एकटा रेझिस.

त्याने गोल केला की दिवा लागायचा, गाव उठायचं, आणि समोरच्या पाचव्या रांगेत लेओनिदचा बाप उठायचा. झोएल म्हातारा दोन्ही हात वर करून ओरडायचा, "आपला रेझिस!" इतक्या गोंगाटात ते काचेमागे ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण ओठ दिसायचे.

दोघं बंदराकडे उतरणाऱ्या एकाच रस्त्यावर वाढलेले. लेओनिद दोन वर्षांनी मोठा. डिसेंबरमध्ये खाडी गोठली की शाळेची दप्तरं किनाऱ्यावर टाकून दोघं अंधार पडेपर्यंत बर्फावर असायचे. लेओनिदच्या स्केटचा वेग जास्त होता. हे तो एकटाच म्हणायचा असं नाही, तेव्हा सगळेच म्हणायचे. रेझिसचा बाप झोएलच्या बोटीवर भागीदार होता. एका मे महिन्यात दोघं जाळी टाकायला गेले आणि झोएल एकटा परत आला. तेव्हापासून रेझिस अर्सेनोंच्या टेबलावर जेवायला असायचाच. लेओनिदची आई मटण भरून भाजलेल्या पाईचा पहिला तुकडा त्याला वाढायची. पोराचा बाप गेलाय, एवढं लेओनिदला कळत होतं. तरी त्याची नजर तुकड्यावरून हलायची नाही.

एकाहत्तर साली व्यावसायिक लीग किनाऱ्यावर आली आणि नव्या रिंकसाठी टीम उभी राहिली. मॅनेजर म्हणाला, "गावचा एक तरी पोरगा पाहिजे, नाहीतर तिकिटं खपायची नाहीत." चाचणीला अकरा जण आले. तीन दिवस खेळले. चौथ्या दिवशी सकाळी रिंकच्या दारावर कागद लागला आणि त्यावर एकच नाव होतं. लेओनिदने ते दोनदा वाचलं. मागे बाप उभा होता. बापाचा हात खांद्यावर येईल म्हणून तो तसाच थांबला. हात आला, पण रेझिसच्या खांद्यावर. मग म्हाताऱ्याने लेओनिदलाही जवळ ओढलं, दोघांना मिठीत घेतलं, डोळे पुसले. पण मधले ते दोन-तीन सेकंद लेओनिदच्या मनात जे रुतून बसले ते कायमचेच.

लेओनिद कागदाच्या गिरणीत कामाला लागला. त्याच वर्षी क्लबने गोलपंचासाठी खेळ कळणारी माणसं शोधायला घेतली. लेओनिदची बायको इमेल्दा म्हणाली, "नको घेऊस ते काम. दर आठवड्याला जखमेवरची खपली काढत बसशील."

"मला कसली जखम?" लेओनिद म्हणाला.

"बरं, नसेल." इमेल्दाने विषय सोडला. नवऱ्याच्या बाबतीत कुठे थांबायचं ते तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

आता त्या फळीची गोष्ट. पहिला मोसम सुरू व्हायच्या आधी रिंकभोवतीचा लाकडी कठडा नव्याने उभा करायला गिरणीने माणसं दिली होती आणि त्यांत लेओनिद होता. दक्षिणेच्या डाव्या कोपऱ्यात एका फळीमागचा आधाराचा खांब कमी पडला. मुकादम म्हणाला, "राहू दे, उद्या बघू." तो उद्या कधी आलाच नाही. इतर कुठल्याही फळीवर आपटलेली चकती मरगळून पडायची, पण मागे आधार नसल्याने लवणाऱ्या या एका फळीवरून ती उसळून थेट गोलाच्या तोंडाशी यायची. पाहुण्या गोलकीपरला याचा पत्ता नसे. तो चकती कोपऱ्यात गेली म्हणून अंग सैल सोडायचा, आणि तेवढ्यात ती त्याच्या पायाशी असायची.

हे रेझिसला सांगितलं कोणी? लेओनिदनेच. पहिल्याच मोसमात, बिअरचे दोन ग्लास पोटात गेल्यावर, आपल्यालाही काही कळतं हे दाखवायच्या हौसेने. "डाव्या कोपऱ्यातली तिसरी फळी. आपटून बघ." रेझिसने आपटून बघितलं. त्या वर्षी त्याने घरच्या रिंकवर सत्तावीस गोल केले. पुढे शहराच्या वर्तमानपत्राने विचारलं तेव्हा गडी म्हणाला, "काय सांगू, हे रिंक माझ्याशी बोलतं." झोएलने ते कात्रण वहीत चिकटवलं आणि जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. लेओनिद काकवी लावलेला पाव चावत ऐकत होता.

"रिंक बोलतं म्हणे," तो घरी येऊन इमेल्दाला म्हणाला. "रिंक नाही, मी बोललो होतो!"

"मग सांग ना त्याला तसं."

"मी कशाला सांगू? त्याला आठवायला नको?"

तेव्हापासून लेओनिदने मनाशी हिशेब ठेवला. रेझिसचे घरचे गोल किती आणि बाहेरचे किती. एका मोसमात एकतीस आणि सहा. दुसऱ्या मोसमात अठ्ठावीस आणि नऊ. हे आकडे त्याला मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ होते. कोणी रेझिसचं कौतुक केलं की तो हळूच विचारायचा, "आणि बाहेर?"

तशी सगळी टीमच घरी वाघ आणि बाहेर मांजर होती. गिरणीच्या कँटीनमध्ये यावर कायम वाद चालायचा.

"त्यात कोडं काय आहे?" ओनेझीम म्हणायचा. हा लेओनिदच्या पाळीतला, जीभ कात्रीसारखी. "पाहुणे बिचारे सात तास बसमध्ये बसून येतात. बर्फाचा रस्ता, आखडलेले गुडघे, पोटात गार सँडविच. आपला गडी मात्र घरचा गरम फ्रिको, कोंबडीचा रस्सा, ओरपून पाच मिनिटं चालत येतो."

"आणि माणसं बदलायची शेवटची पाळी आपली," दुसरा कोणी सांगायचा. "आधी त्यांनी त्यांचे गडी उतरवायचे, ते बघून मग आपण आपले. पत्ते बघून डाव टाकल्यासारखं झालं."

"गावाचा आवाज विसरलात. त्या आवाजाने रेफरीसुद्धा बिचकतो."

"फळी," लेओनिद म्हणायचा. "ती फळी काढा आणि मग बघू कोण किती मोठा."

"फळी राहू दे," ओनेझीम डोळा मारायचा. "खरी गंमत आहे आपल्या लेओनिदच्या अंगठ्यात. अंगठा सेंत-ओदीलचाच की! रेघेवर अडलेली चकती बघून हळवा होतो."

सगळे हसायचे. लेओनिदही हसायचा, कारण ते खोटं नव्हतं. ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका तरुण बचावपटूचा फटका रेघेवर थांबला होता. आत होता की नव्हता, केसाएवढा फरक. पोराचा गावातला पहिलाच गोल. लेओनिदचा अंगठा आपसूक दाबला गेला. पाहुणे बोंबलले, रेफरीने दिव्याकडे बोट दाखवलं, विषय संपला. असं वर्षातून एखाददोन वेळा व्हायचं. त्याला तो लबाडी म्हणत नसे. घरच्या माणसाला अर्ध्या शंकेचा फायदा द्यायचा, एवढंच. रेझिसला मात्र त्याने तो कधी दिला नव्हता. द्यायची वेळ आली नव्हती, असं तो म्हणे.

ब्याऐंशीच्या एप्रिलमध्ये ती वेळ आली.

अंतिम फेरीचा सातवा सामना. तीन त्यांनी जिंकलेले, तीन आपण. ग्लेनहेवनची टीम, खाणकामगारांच्या गावातली, आडदांड, इंग्रजी बोलणारी पोरं. रविवारी दुपारी दोनचा सामना आणि सकाळच्या प्रार्थनेपासूनच रिंकबाहेर रांग. फादरनी प्रवचन निम्म्यात आटोपलं. झोएलने आपला चांगला कोट घातला होता आणि खिशात रेझिसच्या पहिल्या मोसमातला फोटो ठेवला होता. लेओनिदला तो खिशातून डोकावताना दिसला.

"पापा, फोटो कशाला?"

"शुभ असतो रे," म्हातारा म्हणाला. "सत्त्याहत्तरच्या फायनलला होता खिशात."

सत्त्याहत्तरच्या फायनलला लेओनिदही होता. त्याच कपाटात, त्याच स्टुलावर. त्याचा फोटो कोणाच्या खिशात असायचं कारणच नव्हतं, गोलपंचाचा फोटो काढतं कोण? तो काही न बोलता आत गेला आणि दार लावून घेतलं.

तीन डाव संपले तेव्हा तीन-तीन बरोबरी होती. त्यातला एक गोल रेझिसचा, त्याच फळीवरून. जादा वेळ सुरू झाला. आता जो पहिला गोल करील तो जिंकला. पाणकावळे दक्षिणेकडे चढाई करत होते, म्हणजे लेओनिदच्या तोंडासमोर.

सहाव्या मिनिटाला रेझिसने कोपऱ्यात चकती मारली. फळी धडकन वाजली. चकती उसळून गोलासमोर आली आणि रेझिस स्वतःच तिच्या मागे धावत आला. ग्लेनहेवनचे दोघे त्याच्या अंगावर पडले, गोलकीपर आडवा झाला, काठ्या, पाय, बर्फाचा भुगा, सगळा ढीगच झाला. ढिगाखालून रेझिसची मान वर आली, दोन्ही हात वर गेले. चेहऱ्यावर तेच हसू, अकरा वर्षं पाहिलेलं. पाचव्या रांगेत झोएल उभा राहिला. अख्खं गाव उभं राहिलं. सगळ्यांनी वर पाहिलं.

दिवा लागला नव्हता.

लेओनिदचा अंगठा बटणावर होता, पण त्या क्षणी तो चकतीकडे बघतच नव्हता. तो बघत होता रेझिसच्या तोंडाकडे. चकती फळीवरून उसळल्यापासून त्याची नजर त्या तोंडावर खिळली होती. आता हा हसणार, आता पापा उठणार. आणि ते दोन्ही झालं. खाली बर्फावर काय झालं ते त्याला दिसलंच नाही. त्याने नजर खाली नेली तेव्हा चकती गोलकीपरच्या अंगाखाली होती आणि शिट्टी वाजून गेली होती.

रेफरी मागच्या बाजूला अडकला होता. त्यालाही काही दिसलं नव्हतं. तो घसरत काचेशी आला आणि बोलायच्या भोकाला तोंड लावून म्हणाला, "काय? आत गेली?"

दुसऱ्या कोणाचा फटका असता तर लेओनिदला क्षणभरही विचार करावा लागला नसता. फेब्रुवारीतल्या पोराला दिला तसा दिला असता. इथे मात्र अंगठा जागचा हलला नाही. नियम स्पष्ट होता: पाहिलं नाही तर दिवा नाही. 'मी पाहिलं नाही' असंच आपल्याला म्हणायचं होतं, असं तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत राहिला. तोंडातून निघालं ते एवढंच:

"नाही."

रेफरीने दोन्ही हात आडवे केले. गोल नाही.

चार मिनिटांनी ग्लेनहेवनने दुसऱ्या टोकाला गोल केला आणि त्या बाजूचा दिवा लागला. संपलं.

काचेवर पहिला बिअरचा ग्लास फुटला तेव्हा लेओनिद अजून स्टुलावरच होता. मग दुसरा, मग कोणाचा तरी बूट. पोलिसाने त्याला मागच्या दाराने बाहेर काढलं. बाहेर चिखलात झोएल उभा होता. लेओनिद म्हणाला, "पापा..." म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, टोपी डोळ्यांवर ओढली आणि ओनेझीमच्या गाडीत जाऊन बसला.

पुढचे तीन आठवडे गावाने त्याला सोडलं नाही. सोमवारी गिरणीतल्या त्याच्या कपाटाला आंधळ्याची पांढरी काठी टेकवलेली होती. मंगळवारी घराच्या पायरीवर उडालेले बल्ब मिळाले, डझनभर, नीट ओळीने मांडलेले. दुकानात इमेल्दा पीठ घ्यायला गेली की बायका बोलायच्या थांबायच्या आणि ती दारात पोचली की पुन्हा बोलायला लागायच्या.

ओनेझीमने तर कँटीनमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "लेओ, खरं सांग. डोळा फुटलाय की मन?"

"रेघ ओलांडली नव्हती."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"दुसऱ्या कुणी मारली असती तरी पाहिलं असतंस?"

लेओनिदने थाळी तशीच ठेवली आणि उठून गेला. गावाला काय कळायचं ते कळलेलं होतं. एवढी वर्षं तो 'आणि बाहेर?' विचारत होता, आणि त्याला वाटत होतं ते कोणाच्या लक्षात येत नाही!

सगळ्यात जिव्हारी लागलं ते बापाचं गप्प राहणं. रविवारी तो जेवायला गेला तर म्हाताऱ्याने ताट वाढलं, मीठ पुढे सरकवलं, हवामान बघायला खिडकीशी गेला, पण शब्द नाही. भिंतीवर रेझिसचे फोटो होते. लेओनिद त्यांच्याकडे पाठ करून बसला. घरी आल्यावर इमेल्दाला म्हणाला, "माझ्या जागी तो असता तर पापांनी अख्ख्या गावाशी भांडण केलं असतं."

"तू खरंच पाहिलंस का रे?" तिने विचारलं.

"तूही?"

"मी विचारतेय फक्त."

तो उठून लाकडं फोडायला गेला.

मे महिन्यात, शेवंड्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, चर्चच्या सभागृहात गावजेवण असतं. लेओनिदला जायचं नव्हतं. इमेल्दा म्हणाली, "आज गेलो नाही तर कधीच जाता येणार नाही." दोघं दाराजवळच्या टेबलावर बसले. त्यांच्या टेबलावर तिसरं कोणी आलं नाही. बशा अर्ध्या रिकाम्या झाल्या असतील तेव्हा रेझिस उभा राहिला. त्याने चमचा ग्लासवर वाजवला. सभागृह त्याच्यासाठी चुटकीसरशी गप्प झालं.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "पण एक सांगायचं राहिलंय. ती चकती आत गेली नव्हती. मी सगळ्यांत जवळ होतो. हात वर केले, कारण आपल्या घरी हात वर केले की निम्मा गोल होतो, हे तुम्हालाही माहीत आहे." थोडं हसू उमटलं. "लेओनिदने पाहिलं आणि खरं ते सांगितलं. एवढ्या आवाजात खरं बोलायला छाती लागते. मला नसतं जमलं."

मग टाळ्या. लोक उठून उभे राहिले. फादर उभे राहिले. बायकांनी रुमाल काढले. झोएल खुर्च्या सारत रेझिसकडे गेला आणि त्याने त्याला गच्च मिठी मारली. त्याचे खांदे हलत होते. "काय माणूस आहे!" कोणीतरी म्हणालं. "हरलेल्या फायनलचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेतलं! कोण करतं असं?"

टाळ्या कोणासाठी होत्या ते लेओनिदला पुरेपूर कळलं. रेझिस त्याच्या टेबलापाशी आला, त्याचा हात धरून वर केला, आणि लेओनिद हसला. दात दुखेपर्यंत हसला. ओनेझीमने त्याच्या पाठीत थाप मारली, "चुकलो रे बाबा, माफ कर." माणसं टेबलावर येऊन बसली. इमेल्दाच्या डोळ्यांत पाणी होतं. लेओनिदचं गेलेलं नाव परत मिळालं होतं, पण ते देणारा हात कोणाचा? आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्या धैर्याचं कौतुक चाललं होतं ते त्याच्याकडे नव्हतंच. त्याने काही पाहिलंच नव्हतं. उठून तसं सांगावं असं एकदा मनात आलं. तो बसून राहिला.

दोन वर्षांनी क्लब मोठ्या शहराने उचलून नेला. रिंकवर शाळेची पोरं खेळायला लागली. रेझिसचे गुडघे गेले होते. त्याने कागद गिरणीत अर्ज केला आणि त्याला दोन नंबरच्या मशीनवर नेमलं. त्या मशीनचा मुकादम होता लेओनिद.

खरं सांगायचं तर पहिलं वर्ष लेओनिदने चाखून चाखून घालवलं. इथे कुठला पट्टा ओढायचा, ओला कागद फाटला की कुठून धरायचा, हे रेझिसला येत नव्हतं आणि लेओनिदला डोळे मिटून येत होतं. "लांतेन, तिकडून नाही, इकडून!" असं तो दिवसातून दहा वेळा ओरडायचा. रेझिस "हो" म्हणायचा आणि इकडून धरायचा. कुरकुर नाही, रुसवा नाही. त्यामुळे ओरडण्यातली मजाही हळूहळू ओसरली. झोएल एकोणनव्वदच्या हिवाळ्यात गेला. शवपेटी दोघांनीही उचलली, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा.

त्यानंतरच्या वसंतात एका दुपारी दोघं मशीनमागच्या बाकावर डबे उघडून बसले होते. लेओनिदने अचानक विचारलं, "रेझिस, बाहेरच होती ना ती?"

"कोण?"

"कोण म्हणे. चकती."

रेझिसने घास संपवला. "मला काय माहीत? माझ्या अंगावर दोन खाणकामगार पडले होते. नाकात बर्फ गेला होता."

लेओनिदचा हात डब्यातच राहिला. "मग जेवणाच्या दिवशी उभा राहून बोललास ते?"

"ते तुझ्या पापांनी सांगितलं म्हणून."

"काय सांगितलं?"

"ईस्टरनंतरच्या आठवड्यात आले होते माझ्याकडे. बंदरापासून चालत, त्या चिखलातून. कॉफी दिली तर घेतली नाही. टोपी हातात धरून उभे राहिले, जसा मी कोणी साहेब! म्हणाले, 'माझा लेओनिद खोटं बोलत नाही. नाही म्हणाला तर नाही. गाव माझं ऐकायचं नाही, तुझं ऐकेल. तू सांग त्यांना.' जन्मभर त्यांनी मला जेवू घातलं, लेओ. मागितलं ते एवढंच. मी काय म्हणणार होतो?"

लेओनिदने डब्याचं झाकण लावलं.

"मी पाहिलंच नव्हतं," लेओनिद म्हणाला.

"काय?"

"चकतीकडे बघत नव्हतो मी. तुझ्याकडे बघत होतो."

रेझिसने मान वळवली. "आणि दुसऱ्या कुणी मारली असती तर?"

"दिवा लावला असता."

रेझिसने सँडविचचा कागद घडी घातला, उलगडला, पुन्हा घडी घातला. ती फायनल त्याची शेवटची होती. त्यानंतर तो कधी इतका जवळ पोचला नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "बरं."

"माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत ते," लेओनिद म्हणाला. "आणि तुझ्याकडे चालत आले."

"तुझ्यासाठी आले होते, गाढवा!"

"पण आले तुझ्याकडे. मला का नाही म्हणाले तसं, तोंडावर?"

रागावावं की हसावं हे रेझिसचं ठरत नव्हतं. "तुझं कधी भागायचं नाही, लेओनिद," तो म्हणाला आणि डबा घेऊन उठला.

दोन दिवस त्याने तोंड उघडलं नाही. काम मात्र चोख केलं. तिसऱ्या दिवशी बाकावर येऊन बसला आणि मीठ मागितलं. लेओनिदने दिलं आणि विचारलं, "पुन्हा सांग. नेमकं काय म्हणाले? शब्द सांग, शब्द." रेझिसने सांगितलं. पुढच्या आठवड्यात लेओनिदने परत विचारलं आणि त्याने परत सांगितलं.

त्या हिवाळ्यात झोएलच्या वर्षाच्या प्रार्थनेला लेओनिदने स्वतः फोन करून रेझिसला बोलावलं. तो बायकोसह आला, अर्सेनोंच्या बाकावर बसला. प्रार्थना संपल्यावर दारात माणसं हात मिळवायला रांगेने आली. निम्मी आधी रेझिसकडे गेली. लेओनिदला ते दिसलं, त्याने ती मोजलीही, नेहमीसारखी. तो रेझिसच्या शेजारी उभा राहिला आणि आपली पाळी येईपर्यंत थांबला.